रुपराव बाहेर गेले

“घंटी मले ऐकू येत नाही, पण टेलिफोन मायाच हाय,” असं रुपराव एकदा म्हणाले. म्हणाले कसले, ओरडलेच. आपला आवाज किती मोठा झाला आहे हे ज्याला कळत नाही, तो माणूस असाच बोलतो. रस्त्यापलीकडे धरमकाट्यावर वजनाला उभ्या असलेल्या ट्रकमधून ड्रायव्हरनं मान बाहेर काढून पाहिलं. पंचफुलाच्या हातातली चहाची गाळणी तशीच हवेत राहिली.

कारण रुपरावांच्या समोर गिरिधर बसला होता. नवऱ्याच्या कानांबद्दल वाडीतल्या ट्रकवाल्यांना ठाऊक होतं, चहा पिणाऱ्या हमालांना ठाऊक होतं. गिरिधरला ते ठाऊक होऊ नये, असं मात्र तिला वाटत होतं.

शहराबाहेर वाडीच्या नाक्याजवळ, अमरावती रोडला लागून त्यांची टिनाची टपरी होती. अर्ध्या टपरीत पंचफुलाची चहाची भट्टी, अर्धीत टेलिफोन. पाटीवर सार्वजनिक टेलिफोन, आणि खाली बारीक अक्षरात रुपरावांचं नाव. टेलिफोनच्या टेबलामागे एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर रुपराव. खुर्ची आणि रुपराव यांच्यात काही फरक असतो, हे लोक आता विसरून गेले होते.

पूर्वी ते कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होते. सुरुंग लावणाऱ्यांच्या टोळीत. एकदा सुरुंग पेटवायची टोपी हातातच फुटली आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली. बोटं एका क्षणात गेली, कान मात्र सावकाश गेले. आधी पाखरं गेली. मग भांड्यांचा आवाज गेला. मग मागून बोलणारी माणसं. पंगत उठावी तसं एकेक जण त्यांच्या कानातून उठून गेलं, आणि शेवटी पंचफुलाचा आवाजही गेला. तिला तो दिवस नेमका सांगता आला नसता. आपण बोलतो आणि नवरा आपल्या तोंडाकडे पाहतो, हे एवढं हळूहळू झालं की आधी तिला त्याचं बरंच वाटलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोणाचा नवरा बायकोच्या तोंडाकडे पाहतो?

त्र्याऐंशी साली अपंगांना टेलिफोन देऊन राहिले असं कळलं, तेव्हा रुपरावांचा उजवा कान थोडा शिल्लक होता. डॉक्टरनं हात पाहिला, उरलेली बोटं पाहिली, शिक्का मारला. कानाचं कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. लायसन्स देताना खात्यातल्या माणसानं नियम वाचून दाखवले. ज्याच्या नावावर टेलिफोन, त्यानं स्वतः बसून चालवायचा. विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा नाही. साहेब कधीही येऊन पाहतील. रुपरावांना त्यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. पंचफुलानं मात्र सगळं ऐकलं आणि पदराच्या गाठीत बांधून आणल्यासारखं घरी आणलं.

स्वतः बसायचं म्हणजे बसायचं. तिनं नवऱ्याला त्या खुर्चीवर बसवलं आणि उठू दिलं नाही. रुपरावांची मोठी बहीण मनकर्णा कन्हानला राहायची. तिच्या पोराचं लग्न झालं, हे गेले नाहीत. ती पडली, पाय मोडला, हे गेले नाहीत. “साहेब येईन आन् खुर्ची रिकामी दिसन,” पंचफुला म्हणायची. रुपराव तिच्या ओठांवरून ते वाचायचे आणि मान फिरवून रस्त्याकडे पाहत बसायचे. समोरून कन्हानकडे जाणाऱ्या गाड्याही जात. त्या गाड्यांची घरघर त्यांना ऐकू येत नसे, पण छातीत कळत असे.

टेलिफोन मग चालत कसा होता? तर असा.

यंत्र थेट टेबलावर नव्हतं. संत्र्याची पेटी पालथी घालून तिच्यावर ठेवलं होतं. पेटीच्या पातळ फळ्या घंटी वाजली की थरथरत. रुपरावांचा दोन बोटांचा डावा हात सदा त्या पेटीवर असे. घंटी त्यांना बोटांत वाजे. ते रिसीव्हर उचलून कानाला लावत. शेजारच्या बाकड्यावर पंचफुला येऊन बसे. ट्रंक लाइनवरच्या, कॉल जोडून देणाऱ्या बाया एवढ्या जोरात बोलत की अर्धं बोलणं रिसीव्हरमधून बाहेर सांडायचं, ते तिला ऐकू यायचं. टेबलाखाली तिचा पाय नवऱ्याच्या पायावर असे. एकदा दाबला की म्हणायचं, “हॅलो, वाडी.” दोनदा दाबला की, “नाहीत, बाहेर गेले.” तीनदा दाबला की, “थांबा, बोलावतो.”

या तीन वाक्यांवर टेलिफोन चालला, आणि चालला तो ट्रकवाल्यांच्या एका खोडीमुळे. नाव सांगून मागवलेला कॉल असेल आणि तो माणूस भेटला नाही, तर कॉलचे पूर्ण पैसे पडत नसत. तेव्हा रायपूरहून, जबलपूरहून, आदिलाबादहून ड्रायव्हर लोक वाडीला कॉल लावून ‘मनोहरराव’ मागायचे. मनोहरराव म्हणजे माल पोचला. ‘केशवराव’ मागितले की गाडी बिघडली. ‘गोपिकाबाई’ म्हणजे वापसीचा माल मिळाला, दोन दिवस उशीर. वाडीत मनोहरराव नव्हते, केशवराव नव्हते, गोपिकाबाई तर जन्मालाच आल्या नव्हत्या. पंचफुलाचा पाय दोनदा दाबला जायचा, रुपराव ठासून सांगायचे, “नाहीत, बाहेर गेले.” मग पंचफुला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसकडे तोंड करून हाळी द्यायची, “मनोहरराव आले होऽऽ!” आणि कुठंतरी एखाद्या मुनीमाचा जीव भांड्यात पडायचा.

नसलेल्या माणसांचा असा मोठा राबता होता त्या टपरीत. कधी कधी दुपारी ऊन टिनावर तापलं की पंचफुलाला वाटायचं, ही माणसं खरंच येऊन बाकड्यावर बसली आहेत आणि जो एक जण खुर्चीवर बसला आहे तोच तेवढा नाही.

गिरिधर मूळचा गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरातला. वाडीत त्याचं गोदाम होतं. कापडात आता दम नाही, टेलिफोनात आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळलं होतं. काटोल नाक्यावर डोळ्यांनी अधू असलेल्या एका बुवाचा टेलिफोन होता. तो बुवाच्या नावावर होता, खुर्चीवर गिरिधरचा माणूस होता. कामठी रोडवर एका विधवा बाईचा होता, तिथंही तसंच. आता त्याला वाडीचा हवा होता. माणूस तसा वाईट नव्हता. बोलायला गोड, आणि चहाचा कप विसळून ठेवणारा.

“वहिनी, मी काही वाईट सांगून राहिलो का?” तो त्या दिवशी म्हणाला होता. “नाव रुपरावभाऊचंच राहीन. पाटीवर, कागदावर, सगळीकडे. खुर्चीवर फक्त माया माणूस बसन. तुमाले घरबसल्या महिन्याचं बांधून देतो. काहून जीवाले त्रास करून घेता?”

तो खर्रा खात होता, सुपारी-तंबाखूनं गाल भरलेला. खर्रा खाणाऱ्याचे ओठ रुपरावांना वाचता येत नसत.

“काय म्हन्ते वं हा?” त्यांनी बायकोला विचारलं.

“टेलिफोन मांगते,” पंचफुलानं ओठ ताणून ताणून सांगितलं. “आपला टेलिफोन.”

आणि मग ते वाक्य आलं. सगळ्या नाक्यानं ऐकलं.

गिरिधरनं बाहेर जाऊन तोंड मोकळं केलं आणि परत आला. “हे भाऊ सोताच बोलले, वहिनी. मी नाही बोललो,” तो हसत म्हणाला. मग आवाज उतरवून, “पुढच्या मंगळवारी साहेब येऊन राहिले. आता नवीन मशीन देनार हाय, इथूनच डायल फिरवून बंबईले बोलता येईन. पण आधी पाहनार, मालक सोता चालवते का नाही. जो चालवत नाही त्याचा काढून घेऊन राहिले. यायचे कान साहेबाच्या ध्यानात आले त सगळंच जाईन. त्याच्या आधी माया माणूस बसवला त मी सांभाळून घेतो. इचार करा.”

तो गेल्यावर पंचफुला नवऱ्यावर तुटून पडली. “एवढं मोठ्यानं काहून बोल्ले? त्याच्यासमोर?”

“मी हळूच बोल्लो,” रुपराव म्हणाले. धरमकाट्यावरचा माणूस पुन्हा इकडे पाहू लागला.

तिला रडू आलं आणि हसूही आलं. कप धुताना तिनं मान वळवून विचारलं, “देऊन टाकू का?” त्यांनी ते वाचलं आणि तोंड फिरवलं. कान बंद करायची त्यांना गरज उरली नव्हती. नको असलेलं बोलणं ते असं तोंड फिरवून बंद करत.

देऊन टाकावा असं तिच्या मनात नव्हतं असं नाही. पण टेलिफोन गेला की हा माणूस कुठं बसणार? खाण गेली, बोटं गेली, कान गेले. पाटीवरचं ते बारीक अक्षरातलं नाव तेवढं राहिलं होतं, आणि गिरिधर म्हणत होता की नाव राहील. फक्त नाव राहिलेल्या माणसाचं काय होतं, ते तिनं काटोल नाक्यावर पाहिलं होतं. तो बुवा टपरीबाहेर ओट्यावर बसलेला असायचा आणि आत स्वतःच्या नावाचा टेलिफोन वाजायचा.

भैयाजी म्हणून एक म्हातारा ड्रायव्हर होता. तिच्या चहावरच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तो म्हणाला, “पंचफुलाबाई, कायले घाबरता? साहेब काय करन? घंटी वाजवन, भाऊ उचलन, दोन शब्द बोलन. आपन तालीम करू.”

मग सोमवारपर्यंत तालीम चालली. भैयाजी ट्रान्सपोर्टच्या पडवीतून तोंडाला हाताचा कर्णा करून ओरडायचा, “हॅलो, वाडीऽऽ! केशवराव हाय काऽऽ?” टेबलाखाली पाय दोनदा दाबला जायचा. “नाहीत, बाहेर गेले.” चांगलं जमलं. हमाल लोक हातातली बोरी ठेवून बघायला यायचे. शेवटी तर भैयाजीला चेवच चढला. “हॅलो, वाडीऽऽ! यमराज बोलून राहिलोऽऽ! रुपराव हाय काऽऽ?” पंचफुलानं हसता हसता दोनदा पाय दाबला. “नाहीत, बाहेर गेले,” रुपरावांनी गंभीरपणे सांगितलं. “गेला वापस!” भैयाजी म्हणाला. “वाचले भाऊ.” सगळे हसले. रुपरावांनी सगळ्यांचे उघडलेले दात पाहिले आणि तेही थोडे हसले.

मंगळवारी साहेब आले. मधुकरराव त्यांचं नाव. स्कूटरवर आले, डोक्याला ऊन लागू नये म्हणून रुमाल बांधलेला. किडकिडीत, चष्मा लावणारे, आवाज बारीक. पंचफुलाला वाटलं होतं साहेब म्हणजे आडदांड असेल, धमकावेल. या माणसानं आधी भट्टीकडे पाहून “अर्धा कप द्या बाई, साखर कमी” म्हटलं आणि बाकड्यावर टेकला. तिची भीती त्यानं अजूनच वाढली. मऊ बोलणाऱ्या माणसाला फसवायचं म्हणजे अवघड.

गिरिधरही आला. आपला सहज आल्यासारखा, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. भैयाजी बाहेर टायरावर बसला होता.

“रुपराव आपणच ना?” साहेबांनी विचारलं. चष्म्याखालचे ओठ नीट दिसत होते.

“होय, मीच.”

“टेलिफोन कोण चालवतं?”

“मीच.”

“नाव तुमचं आणि बसतो दुसराच, अशा फार तक्रारी आहेत आमच्याकडे. म्हणून बघावं लागतं. मी एक्स्चेंजला सांगून आलोय. आता घंटी येईल. मी इथं आहे असं समजूच नका. रोज बोलता तसं बोला.”

रोज बोलतो तसंच बोलायचं होतं. पंचफुला बाकड्याच्या टोकाला सरकून बसली आणि तिनं पाय पुढे केला. तिच्या तळव्याला घाम आला होता. नवऱ्याच्या पायाचा तो ओळखीचा हाडकुळा उंचवटा तिला लागला. पेटीवर दोन बोटं स्थिर होती. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता आणि कोणीतरी “आन दे, आन दे” म्हणत पत्र्यावर थाप मारत होतं.

घंटी वाजली. बोटं उठली. रुपरावांनी रिसीव्हर कानाला लावला. पाय एकदा दाबला गेला.

“हॅलो, वाडी,” रुपराव म्हणाले. खणखणीत म्हणाले.

रिसीव्हरमधून बाईचा आवाज सांडला. “वाडी, रुपराव आहेत का?”

कसं झालं ते पंचफुलाला नंतरही सांगता आलं नाही. इतकी वर्षं कोणाचंही नाव आलं की तिचा पाय दोनदाच दाबायचा. त्यात कालची ती यमराजाची थट्टा अंगात मुरलेली. नाव कानात शिरलं आणि डोक्यापर्यंत पोचायच्या आत पायात उतरलं. एक, दोन.

“नाहीत,” रुपराव साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाले. “बाहेर गेले.”

मग बाहेर टायरावर भैयाजी फुटला. त्यानं तोंडात पटका कोंबला तरी हसू थांबेना. गिरिधरनं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

रुपरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, काहीतरी झालं एवढं कळलं होतं. रिसीव्हर अजून कानाला होता. त्यातली बाई “अहो, मग बोलतंय कोण?” असं विचारत होती, आणि ते तिच्याशी पुढचं काय बोलायचं याची वाट बघत पाय किंचित पुढे करून बसले होते. ते पाहून पंचफुलाच्या आत काहीतरी सैल पडलं. इतकी वर्षं ज्याला खुर्चीला बांधून ठेवला तो माणूस आता स्वतःलाच नाही म्हणतो आहे, आणि तेही आपल्या सांगण्यावरून.

ती उठली. त्यांच्या हातातून रिसीव्हर घेऊन खाली ठेवला.

“साहेब, यायले ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “खानीतच गेले कान. मीच चालवतो टेलिफोन. पायानं सांगतो, हे बोलतेत. लपवलं आमी.”

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. भट्टीवर दूध वर आलं होतं. तिनं जाऊन ते खाली उतरवलं. सवयीनं.

“का लपवलं?” साहेबांनी विचारलं.

“काढून न्यान म्हून.”

“किती वर्षं असं चाललंय?”

“देला तवापासूनच म्हना ना.”

साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बाई, मला तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर तेव्हाच तुमच्या नावावर झाला असता. मालकाला झेपत नसेल तर घरच्या माणसाच्या नावावर करता येतो. बायकोच्या, पोराच्या. एक अर्ज लागतो, बस. आम्ही शोधतो ते बाहेरच्यांना. बायको बसली म्हणून कोणी टेलिफोन काढून नेतं का?”

पंचफुलाला आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि ती भट्टीजवळ खालीच बसली. एवढ्यासाठी? मनकर्णाबाईंच्या पोराचं लग्न, तो मोडलेला पाय, ती खुर्ची, एवढ्यासाठी? राग यायला हवा होता. तो आला नाही. खूप वेळ डोक्यावर धरलेली घागर कोणीतरी उतरवून घेतल्यावर मान आपोआप हलकी व्हावी तसं झालं. घागर रिकामी होती की भरलेली, ते मानेला कुठं कळतं.

“आणि आपण?” साहेब दाराकडे वळले. “आपला काय संबंध इथं?”

“माया? काही नाही,” गिरिधर म्हणाला. “चाय प्यायले आलो होतो.”

“वहिनी, एक चाय द्या ना,” असं तो घाईघाईनं म्हणाला आणि पंचफुलानं त्याला कप दिला. त्यानं उभ्यानंच पिऊन कप विसळून ठेवला आणि गेला. तो जाताना साहेबांनी त्याच्या पाठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

निघायच्या आधी त्यांनी तिला अर्ज कुठं द्यायचा ते सांगितलं. “आजपासून तुम्हीच बसा. कागद मागून येतील, मशीन तुमच्याच नावानं येईल.” रुमाल बांधता बांधता थांबून म्हणाले, “एक सांगा बाई. नाव ऐकल्याबरोबर ‘नाहीत’ म्हणायची एवढी सवय कशी लागली तुम्हाला?”

पंचफुलानं भैयाजीकडे पाहिलं. भैयाजी टायराच्या खाचा मोजू लागला.

“सवय हाय झालं,” ती म्हणाली.

साहेबांनी स्कूटरला किक मारली. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे.

मग तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. समोर उभी राहून, ओठ ताणून, एकेक शब्द. आपण स्वतःलाच नाही म्हणालो हे रुपरावांना कळलं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आवाज न करता. खुर्ची हलली, पेटी हलली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी दोन बोटांनी पुसलं. पुढचं, नाव बदलण्याचं, ती सांगू लागली तेव्हा तिला भीती वाटली की ते आता मान फिरवतील. त्यांनी फिरवली नाही. शेवटपर्यंत वाचलं.

ते उठले. खुर्चीवर हात फिरवून धूळ झटकली आणि ती तिच्याकडे वळवली. पंचफुला बसली. खुर्ची तिला उंच वाटली, रस्ता इथून वेगळा दिसत होता. पायांना काय करावं ते कळेना, ते रिकामे रिकामे वाटत होते.

घंटी वाजली. रुपरावांची बोटं पेटीकडे गेली, अर्ध्यात थांबली, मागे आली.

“हॅलो, वाडी,” पंचफुला म्हणाली. आदिलाबादहून कोणीतरी मनोहररावांना मागत होतं. “नाहीत,” ती म्हणाली, “बाहेर गेले.” रिसीव्हर ठेवून तिनं ट्रान्सपोर्टकडे तोंड करून हाळी दिली, आणि वळून पाहिलं.

रुपरावांनी खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर ठेवली होती. चपला घातल्या. भैयाजीनं विचारलं, “कोठी निंगाले गा, भाऊ?” त्यांची पाठ त्याच्याकडे होती. रस्त्यापलीकडे शहरात जाणारी बस थांबली होती, तिथून पुढे बहिणीच्या कन्हानची मिळते. ट्रकची घरघर ओसरेपर्यंत ते कडेला थांबले, एक तळवा छातीवर ठेवून. मग रस्ता मोकळा झाला, आणि ते उन्हात चालू लागले.